शेवटचा ठिपका ते सातवा कंस: एमएच ३७० शोधताना नेमकं कुठे अडलं

८ मार्च २०१४. मध्यरात्र उलटून ४२ मिनिटं झाली असताना मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं. विमान बोइंग ७७७-२००ईआर, नोंदणी क्रमांक ९एम-एमआरओ, २००२ साली कंपनीच्या ताफ्यात आलेलं. आत २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. प्रवाशांत पाच भारतीय. टाक्यांत ४९,१०० किलो इंधन, म्हणजे साधारण साडेसात तासांची बेगमी. सकाळी साडेसहाला ते बीजिंगला उतरायचं होतं. (या लेखातल्या वेळा मलेशियाच्या घड्याळाप्रमाणे आहेत.)

१ वाजून १९ मिनिटांनी क्वालालंपूरच्या नियंत्रकाने विमानाला व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह नियंत्रण केंद्राच्या १२०.९ या फ्रिक्वेन्सीवर जायला सांगितलं. "गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झिरो" असं उत्तर आलं. पुढच्या दोन मिनिटांत, इगारी नावाच्या बिंदूजवळ, नियंत्रकाच्या पडद्यावरून विमानाची खूण गेली. त्यानंतर हे विमान जवळजवळ सात तास हवेत होतं, हे उलगडायला आठवडाभर लागला.

६३ मीटर लांबीचं विमान सात तास उडतं आणि ते कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, हे कसं? नातेवाइकांनी पहिल्या दिवसापासून हेच विचारलं, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर समजून घ्यायचं तर एक भेद पक्का धरावा लागतो. विमानाची जागा तीन तऱ्हांनी माहीत असू शकते. कुणीतरी ती पाहिलेली असते. विमानाने स्वतः ती कळवलेली असते. नाहीतर वेळ, वेग आणि दिशा यांवरून कुणीतरी ती धरलेली असते. पडद्यावर तिन्ही ठिपके एकसारखे दिसू शकतात. या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला घोटाळा धरलेल्या जागेला पाहिलेली जागा समजण्याचा आहे.

पडद्यावरचा ठिपका कुठून येतो

हवाई वाहतूक नियंत्रकाचं रोजचं काम दुय्यम रडारवर चालतं. हे रडार विमान 'पाहत' नाही, विमानाला विचारतं. विमानातला ट्रान्सपाँडर ती विचारणा ऐकतो आणि आपला चार आकडी कोड व उंची परत पाठवतो. त्या रात्री एमएच ३७० ला २१५७ हा कोड दिलेला होता. या कोडवरून यंत्रणा विमानाचं नाव शोधते आणि ठिपक्याशेजारी पट्टी लावते. ट्रान्सपाँडर बंद केला, त्याची वीज गेली किंवा तो बिघडला, की उत्तर थांबतं आणि पट्टी जाते. विमान मात्र तिथेच, त्याच वेगाने उडत असतं.

प्राथमिक रडारचं तसं नाही. ते लहरी सोडतं आणि धातूवर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपतं. विमानाची इच्छा असो वा नसो, ते दिसतं. पण त्या प्रतिध्वनीला नाव नसतं, कंपनी नसते, भरवशाची उंचीही बहुतेक वेळा नसते. म्हणून नागरी कामात त्याचा वापर विमानतळाच्या आसपास, आणि मुख्य वापर लष्कराकडे.

दोन्ही रडारांची मर्यादा एकच: पृथ्वी गोल आहे. ३५,००० फुटांवरचं विमान जमिनीवरच्या अँटेनाला जास्तीत जास्त ४२५ किलोमीटरपर्यंत दिसतं, पुढे ते क्षितिजाखाली जातं. जमिनीवर बोलायच्या नेहमीच्या व्हीएचएफ रेडिओचंही तेच. महासागराच्या मध्यावर त्यामुळे रडार नसतंच. मुंबईच्या नियंत्रण हद्दीत येणाऱ्या अरबी समुद्राच्या मोठ्या भागातही विमानं लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर जागा सांगतात, नाहीतर त्यांची यंत्रणा उपग्रहामार्फत ठरावीक वेळाने जागा पाठवते. म्हणजे तिथली प्रत्येक जागा कळवलेली असते, आणि दोन कळवण्यांच्या मधली धरलेली.

जीपीएसबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. जीपीएसचा उपग्रह विमानावर नजर ठेवत नाही. विमान त्याचे संकेत ऐकून आपली जागा स्वतःपुरती काढतं. ती बाहेर कळायला दुसऱ्या यंत्राने ती पाठवावी लागते. खिशातल्या फोनचंही असंच आहे, फोन टॉवरशी बोलतो म्हणून तो कुठे आहे हे कळतं. त्या रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी, विमान पेनांगजवळून जात असताना, सहवैमानिकाच्या मोबाइलची नोंद तिथल्या एका टॉवरवर झाली. फोन लागला नाही, संदेश गेला नाही. फक्त फोन चालू असल्याची एक ओळ टॉवरच्या खात्यात पडली.

एमएच ३७० वर जागा कळवणारी आणखी एक वाट होती: एकार्स, म्हणजे विमान आणि कंपनी यांच्यातली मजकुराची देवाणघेवाण. तिच्यातून दर अर्ध्या तासाला जागा, उंची, वेग आणि उरलेलं इंधन जायचं. शेवटचा अहवाल १ वाजून ७ मिनिटांचा आहे, त्यात इंधन ४३,८०० किलो. पुढचा १ वाजून ३७ ला यायला हवा होता. तो आला नाही.

पहिले चार तास

हो ची मिन्हच्या हद्दीत विमान १ वाजून २२ ला येणं अपेक्षित होतं. ठरलेल्या वेळी संपर्क झाला नाही तर पाच मिनिटांत समोरच्या केंद्राला कळवायचं, असा दोन्ही केंद्रांमधला करार. हो ची मिन्हने क्वालालंपूरला विचारलं १ वाजून ३९ मिनिटांनी.

मग नियंत्रकांनी कंपनीच्या नियंत्रण कक्षाकडे चौकशी केली. कक्षाने सांगितलं की विमान कंबोडियाच्या आकाशात आहे. रात्री अडीचच्या पुढे तर अक्षांश-रेखांशही दिले: उत्तर १४.९, पूर्व १०९.१५५, म्हणजे व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ. इतके नेमके आकडे ऐकल्यावर कुठल्याही नियंत्रकाचा जीव भांड्यात पडेल. पण ती जागा विमानाने पाठवलेली नव्हती. कक्षाच्या पडद्यावरची प्रणाली, नवा अहवाल येईना म्हणून, नियोजित मार्गावर विमान पुढे सरकवत होती. पाठपुरावा करणाऱ्या पडद्याने रिकाम्या जागी अंदाज भरला, आणि अंदाज असल्याचं त्या क्षणी कुणाच्याच बोलण्यात आलं नाही. ही जागा प्रक्षेपित आहे, तिच्यावर विसंबू नये, हे कक्षाने साडेतीनला कळवलं. शोध-बचाव केंद्र कामाला लावलं गेलं साडेपाचला.

या चार तासांचा हिशेब मन पिळवटणारा आहे. विमानाने इगारीनंतर डावीकडे वळण घेतलं होतं. ते मलेशियाचं द्वीपकल्प ओलांडून, पेनांगच्या दक्षिणेकडून, मलाक्काच्या सामुद्रधुनीत वायव्येला गेलं. हा सगळा प्रवास मलेशियाच्या लष्करी प्राथमिक रडारवर उमटत होता. शेवटची नोंद २ वाजून २२ मिनिटांची. तो निनावी प्रतिध्वनी धोक्याचा नाही असं मानलं गेलं आणि पाठलागासाठी विमान उडालं नाही. नागरी बाजूकडे विमान हरवल्याची माहिती होती पण रडारची खूण नव्हती. लष्करी बाजूकडे खूण होती पण तिचं नाव नव्हतं. दोन्ही वह्या त्याच रात्री शेजारी ठेवल्या असत्या, तर शोध पूर्वेला दक्षिण चीन समुद्रात सुरूच झाला नसता. प्रत्यक्षात पहिले काही दिवस जहाजं आणि विमानं तिथेच पाणी चाळत राहिली. नंतर शोध मलाक्का आणि अंदमान समुद्राकडे वळला, त्यात भारताचं नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दलही उतरलं.

२ वाजून २२ नंतर पाहिलेली जागा संपते.

सात हँडशेक

विमानाच्या छतावर उपग्रह-दूरध्वनीची अँटेना होती आणि आत तिचं टर्मिनल. ते इनमारसॅट-३ एफ१ या उपग्रहाशी बोलायचं. हा उपग्रह हिंदी महासागरावर, ६४.५ अंश पूर्व रेखांशाजवळ, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर होता, आणि त्याचं जमिनीवरचं केंद्र पर्थला. एकार्सचा मजकूर थांबला होता. १ वाजून ७ नंतर कधीतरी टर्मिनलचा उपग्रहाशी दुवाही तुटला होता. पण २ वाजून २५ ला टर्मिनल पुन्हा जागं झालं आणि त्याने स्वतःहून जोडणी मागितली. असं बहुधा वीज जाऊन परत आल्यावर होतं.

जोडणी झाल्यावर तासभर काहीच बोलणं झालं नाही तर जमिनीवरचं केंद्र टर्मिनलला विचारतं: आहेस का? टर्मिनल म्हणतं: आहे. यात जागा नसते, वेग नसतो, शब्द नसतो. यालाच हँडशेक म्हणतात. असे हँडशेक ३:४१, ४:४१, ५:४१ आणि ६:४१ ला झाले. ७ वाजून १३ मिनिटांनी जमिनीवरून विमानाला फोन लावला गेला, कुणी उचलला नाही. पण त्या प्रयत्नाने तासाचं घड्याळ नव्याने सुरू झालं, म्हणून पुढचा हँडशेक ८:११ चा. त्याआधी २:३९ लाही असाच एक फोन अनुत्तरित गेला होता. ८ वाजून १९ मिनिटांनी टर्मिनलने पुन्हा एकदा आपणहून जोडणी मागितली. ९ वाजून १५ ला केंद्राने विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही.

पर्थच्या केंद्रात प्रत्येक हँडशेकपाशी दोन आकडे नोंदलेले होते: उत्तर यायला लागलेला जादा वेळ आणि वारंवारतेतला फरक. वेळेचा आकडा साठवून ठेवायची सोय तुलनेने नवी होती. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं एएफ ४४७ अटलांटिकमध्ये कोसळल्यावर, पुढे कधी उपयोग होईल म्हणून ती केली होती. ती नसती तर या प्रकरणात २:२२ नंतर हातात काहीच उरलं नसतं.

वेळेचे आकडे मायक्रोसेकंदांत असे आहेत: ३:४१ ला ११,५००, ४:४१ ला ११,७४०, ५:४१ ला १२,७८०, ६:४१ ला १४,५४०, ८:११ ला १८,०४०. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. जाणं-येणं धरलं तर एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे उपग्रहापासूनच्या अंतरात १५० मीटरचा फरक. ३:४१ ते ८:११ या साडेचार तासांत आकडा ६,५४० ने वाढला. म्हणजे ढोबळमानाने विमान उपग्रहापासून ९८० किलोमीटर दूर सरकलं. आकडा सुरुवातीला हळू वाढतो आणि मग झपाट्याने. विमान आधी उपग्रहाला जवळजवळ आडवं जात होतं, नंतर पाठ करून निघालं, असं त्यातून दिसतं. क्वालालंपूरला विमान उभं असतानाची जागा नक्की ठाऊक होती, तिच्यावरून टर्मिनलचा स्वतःचा विलंब काढून वजा करता आला. उरलेली चूक ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे जमिनीवर दोन्ही बाजूंना साधारण १० किलोमीटर. इतक्या तुटपुंज्या सामग्रीतून आलेलं हे उत्तर फार चांगलं आहे.

अडचण अशी की हे फक्त अंतर आहे. आकाशातल्या एका बिंदूपासून सारख्या अंतरावरच्या जमिनीवरच्या सगळ्या जागा जोडल्या की वर्तुळ होतं. इंधन आणि वेग यांच्या मर्यादेने त्या वर्तुळाचा काही भाग कापला जातो, आणि उरतो कंस. २:२५ चा पहिला, ८:१९ चा सातवा. १५ मार्चला जाहीर झालेल्या दोन पट्ट्या या अशा निघाल्या: एक उत्तरेला कझाकस्तानपर्यंत जाणारी, दुसरी इंडोनेशियाकडून दक्षिण हिंदी महासागरात उतरणारी. दुसरा एखादा उपग्रह त्याच वेळी तेच उत्तर ऐकत असता, तर दोन वर्तुळं एकमेकांना छेदून जागा मिळाली असती. ऐकणारा एकच होता.

उत्तर की दक्षिण, हे वारंवारतेने सांगितलं. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी उंच ऐकू येते आणि लांब जाणारीची खाली, तसाच हा परिणाम. विमानातलं टर्मिनल आपल्या वेगामुळे होणारा फरक आधीच दुरुस्त करून संकेत पाठवतं. पण ती दुरुस्ती करताना ते धरून चालतं की उपग्रह विषुववृत्तावर अगदी स्थिर आहे आणि विमान वर-खाली होत नाही. उपग्रहाला प्रत्यक्षात उत्तर-दक्षिण थोडा हेलकावा होता. त्यामुळे दुरुस्तीत जी चूक राहते, ती उत्तरेला जाणाऱ्या विमानासाठी वेगळी आणि दक्षिणेला जाणाऱ्यासाठी वेगळी. नोंदलेले आकडे होते १११, १४१, १६८, २०४ आणि २५२ हर्ट्झ, आणि ते दक्षिणेच्या वाटेशीच जुळले. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं जाहीर केलं. एकही तुकडा हातात नसताना, निव्वळ गणितावर हे स्वीकारायला लावणं नातेवाइकांसाठी किती कठीण असेल याची कल्पना करवत नाही.

८:१९ च्या जोडणीत आठ सेकंदांच्या अंतराने दोन आकडे आले: १८२ आणि उणे २. आठ मिनिटांपूर्वी तो २५२ होता. टर्मिनल वर-खाली होणारी हालचाल दुरुस्त करत नाही, त्यामुळे हा घसरता आकडा म्हणजे विमान खाली जात होतं, आणि त्या आठ सेकंदांत खाली जाण्याचा वेग वाढत होता. दुसऱ्या आकड्यातून निघणारा दर मिनिटाला सुमारे २५,००० फुटांपर्यंत जातो. टर्मिनलने पुन्हा जोडणी का मागितली? इंधन संपून दोन्ही इंजिनं बंद पडली, जनित्रं थांबली, शेपटीतलं लहान सहायक इंजिन आपोआप सुरू झालं आणि टर्मिनलला परत वीज मिळाली, हे स्पष्टीकरण वेळेशी आणि इंधनाशी बसतं.

तरी सातवा कंस म्हणजे हजारो किलोमीटर लांबीची रेषा. तिच्यावर नेमकं कुठे, हे वेगावर अवलंबून. २:२५ नंतरची उंची ठाऊक नाही, वळणं ठाऊक नाहीत, विमान कुणी चालवत होतं की स्वयंचालकावर होतं हेही ठाऊक नाही. वारंवारतेत काही हर्ट्झची चूक दिशेत बरेच अंश फरक पाडते. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण संशोधकांनी संगणकावर असंख्य शक्य मार्ग चालवून पाहिले आणि आकड्यांशी जुळतील त्यांना जास्त वजन दिलं. त्यातूनही निघाला तो पट्टाच, बिंदू नाही. गृहीतक थोडं बदललं की केवढा फरक पडायचा याचं उदाहरण मार्च २०१४ मध्येच दिसलं: सुरुवातीच्या वेगाचा अंदाज सुधारला गेला आणि २८ मार्चला शोधाचं क्षेत्र एका दिवसात १,१०० किलोमीटर ईशान्येला हललं.

पाण्यावर आणि पाण्याखाली

समुद्रपृष्ठावरचा शोध ५२ दिवस चालला आणि ४५ लाख चौरस किलोमीटरहून मोठा भाग नजरेखाली आला. पहिलं क्षेत्र पर्थपासून २,५०० किलोमीटरवर होतं. तिथे पोचायलाच विमानाला तीन-चार तास लागायचे, परतीचं इंधन राखून ठेवलं की प्रत्यक्ष शोधाला दोनेक तास उरायचे. शिवाय विमान कोसळून तोवर दहा दिवस झाले होते, आणि तरंगणारे तुकडे वारा व प्रवाहाबरोबर कुठच्या कुठे गेले होते.

ब्लॅक बॉक्सला लावलेला पिंगर पाणी लागताच दर सेकंदाला ३७.५ किलोहर्ट्झचा टिकटिकाट सुरू करतो. बॅटरी ३० दिवसांची. आवाज ऐकू जातो दोन-तीन किलोमीटर, आणि समुद्राची खोली चार किलोमीटर, म्हणून ऐकणारा माइक जहाजामागे दोरीने खोल सोडावा लागतो. क्षेत्र आधीच अरुंद असेल तरच याचा उपयोग. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 'ओशन शील्ड' जहाजाने काही संकेत टिपले. त्यांची वारंवारता ३३ किलोहर्ट्झच्या आसपास होती. त्या जागेभोवतीचा ८५० चौरस किलोमीटर तळ ब्लूफिन-२१ या स्वयंचलित पाणबुडीने तपासला, काही निघालं नाही. पुढे तपासात आणखी एक बाब उघड झाली: उड्डाणाची माहिती नोंदवणाऱ्या रेकॉर्डरच्या पिंगरच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती. एक साधी देखभालीची नोंद वेळेवर सुधारली गेली नव्हती.

विमानात चार आपत्कालीन संकेतक होते, एकाचाही संकेत कुठल्या उपग्रहाला मिळाला नाही. याचं नवल वाटायला नको. धक्का बसला की ४०६ मेगाहर्ट्झवर बोलू लागणारं हे यंत्र. आदळताना त्याची अँटेना किंवा वायर तुटली, किंवा ते पाण्याखाली गेलं, की संपलं. रेडिओलहर खाऱ्या पाण्यातून वर येत नाही.

मग उरला समुद्रतळ. आणि तिथे कळलं की या भागाचा नकाशाच नाही. उपलब्ध नकाशे उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणावरून अंदाजाने काढलेले, डोंगराची चाहूल लागेल एवढेच. सोनार खोल सोडायचं तर पुढे कडा आहे की दरी हे आधी ठाऊक हवं, नाहीतर यंत्र आपटून जाईल. म्हणून आधी जहाजाच्या तळाला बसवलेल्या बहुकिरण सोनारने ७,१०,००० चौरस किलोमीटर तळ मोजला, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा भाग. त्यात 'ब्रोकन रिज' या समुद्राखालच्या डोंगररांगेचे कडे दिसले, आणि सहा हजार मीटरच्या आसपास खोली.

ऑक्टोबर २०१४ पासून खरा शोध लागला. जहाजामागे दहा किलोमीटरपर्यंत लांब केबल, तिच्या टोकाला 'टोफिश', म्हणजे बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र घेणारं यंत्र. ते तळापासून शंभर-दीडशे मीटर वर ठेवायचं आणि चालण्याच्या वेगाने ओढायचं. एक रांग संपली की एवढी केबल सांभाळत जहाज वळवायला तास जातात. कडा आली की यंत्र वर घ्यावं लागतं, आणि कड्यामागची सावली न पाहिलेली राहते. अशा फटींत नंतर स्वयंचलित पाणबुडी पाठवायची. फ्रीमँटल बंदरातून क्षेत्रापर्यंत जायलाच सहा दिवसांपर्यंत लागत, आणि दक्षिणेकडच्या हिवाळी लाटांत यंत्र पाण्यात सोडणंही अशक्य व्हायचं. १७ जानेवारी २०१७ ला हा शोध थांबला तेव्हा १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासून झाला होता. त्यात १९ व्या शतकातली बुडालेली जहाजं सापडली. म्हणजे यंत्रं चांगली होती. विमान त्या पट्ट्यात नव्हतं, किंवा एखाद्या फटीत राहून गेलं होतं.

२०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने एकाच वेळी आठ स्वयंचलित पाणबुड्या सोडून, केबलविना, १,१२,००० चौरस किलोमीटर साडेचार महिन्यांत पाहिला. सापडलं तरच पैसे, असा करार होता. काही मिळालं नाही. त्याच वर्षी ३० जुलैला मलेशियाचा अंतिम अहवाल आला. विमान का वळलं याचं कारण ठरवता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीशी तशाच अटीवर १५,००० चौरस किलोमीटरच्या नव्या पट्ट्यासाठी करार झाला, सापडलं तर ७ कोटी डॉलर.

५०८ दिवसांनी आलेला पुरावा

२९ जुलै २०१५ ला रीयुनियन बेटावर, सें-आंद्रेच्या किनाऱ्यावर, उजव्या पंखाचा फ्लॅपेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, मिळाला. कंस तिथून सुमारे चार हजार किलोमीटर पूर्वेला. नंतर मॉरिशस, टांझानिया, मोझांबिक, मादागास्कर, दक्षिण आफ्रिका इथे आणखी तुकडे सापडले. तीन तुकडे याच विमानाचे असल्याचं निश्चित झालं, बाकीच्यांपैकी बरेच जवळजवळ निश्चित.

तुकडा कुठे सापडला यावरून तो कुठून निघाला हे मागे मोजत जाणं फसवं असतं. दीड वर्षाच्या वाहण्यात दिवसाला एक-दोन किलोमीटरची चूक शेकडो किलोमीटरांची होते. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने एक खरा ७७७ चा फ्लॅपेरॉन आणला, सापडलेल्या तुकड्यासारखा तो कापला आणि टास्मानियाजवळ समुद्रात सोडला. आधी बनवलेल्या नकलांपेक्षा तो वेगळा वाहिला: जास्त वेगाने, आणि वाऱ्याच्या दिशेपेक्षा साधारण २० अंश डावीकडे. हा फरक गणितात घातल्यावर रीयुनियनला जुलैमध्ये पोचणं नीट बसलं, आणि सर्वाधिक शक्यता ३५ अंश दक्षिणेच्या आसपास, आधीच्या शोधपट्ट्याच्या उत्तरेला निघाली. दुसरीकडे फ्लॅपच्या, म्हणजे वेग कमी करून उतरताना पंखामागून बाहेर काढतात त्या पट्टीच्या, तुकड्यातल्या खुणांवरून कोसळताना फ्लॅप बाहेर काढलेले नसावेत असं दिसलं, म्हणजे पाण्यावर सावकाश उतरवण्याची तयारी नव्हती. ८:१९ च्या दोन आकड्यांशी हे जुळतं.

तुलनेसाठी एएफ ४४७. ते विमान दर दहा मिनिटांनी जागा पाठवत होतं, तरंगते अवशेष आणि मृतदेह काही दिवसांत मिळाले, शोधाचं वर्तुळ ४० सागरी मैल त्रिज्येचं. तरीही सांगाडा सापडायला जवळजवळ दोन वर्षं गेली, आणि तो शेवटच्या कळवलेल्या जागेपासून दहाएक किलोमीटरवरच होता, ३,९०० मीटर खोल. अवशेषांचा विस्तार ६०० मीटर गुणिले २०० मीटर. आपल्याकडे भारतीय हवाई दलाचं एएन-३२ जुलै २०१६ मध्ये तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. त्याचे अवशेष ३,४०० मीटर खोलीवर दिसल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने घेतलेल्या छायाचित्रांवरून.

नंतर काय बदललं, आणि किती

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर २०१८ पासून मोठ्या प्रवासी विमानांची जागा समुद्रावर दर १५ मिनिटांनी कंपनीला कळलीच पाहिजे असं केलं. १५ मिनिटांत विमान सव्वादोनशे किलोमीटर जातं, हे लक्षात ठेवावं. पिंगरची बॅटरी ३० ऐवजी ९० दिवसांची झाली, आणि सांगाड्याला ८.८ किलोहर्ट्झचा वेगळा पिंगर आला, ज्याचा आवाज जास्त लांब जातो. इरिडियमच्या ६६ उपग्रहांवरून विमानांचे एडीएस-बी संकेत, म्हणजे विमान आपली जागा सांगत स्वतःहून सोडतं ते, २०१९ पासून महासागरांवरही ऐकले जातात. पण तेही विमानाने पाठवलेले संकेत आहेत. ट्रान्सपाँडर गप्प, तर उपग्रहही बहिरा.

खरा फरक संकटकाळच्या स्वयंचलित संकेतकाचा. १ जानेवारी २०२४ नंतर पहिलं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळालेल्या, २७,००० किलोंहून जड विमानांना तो लागतो. विमान वेडंवाकडं झुकलं, वेग भलताच झाला, जमीन धोकादायक जवळ आली किंवा सगळ्या इंजिनांची शक्ती गेली, की तो आपोआप मिनिटाला किमान एकदा जागा पाठवू लागतो, आणि असा सुरू झालेला संकेत कॉकपिटमधून बंद करता येत नाही. कोसळण्याची जागा त्यातून सहा सागरी मैलांच्या आत मिळावी अशी अपेक्षा आहे.

हा संकेतक ९एम-एमआरओ वर असता तर? इगारीजवळचं वळण, द्वीपकल्प ओलांडणं, दक्षिणेकडचा तासन्‌तासांचा सरळ प्रवास यांतलं काहीच त्याला बहुधा संकट वाटलं नसतं. तो बोलला असता इंजिनं थांबल्यावर, सकाळी सव्वाआठच्या सुमारास. २३९ माणसांपैकी कुणाला वाचवण्यासाठी ते उशिराचं ठरलं असतं; पण सातव्या कंसावरची जागा त्याच सकाळी कळली असती, आणि रेकॉर्डर पिंगर बंद पडण्याआधी मिळण्याची आशा होती. ९एम-एमआरओ त्या रात्री १२ वर्षं जुनं होतं. २०२३ मध्ये ताफ्यात आलेलं, आणि म्हणून या नियमाबाहेर राहिलेलं विमान सहज वीस-पंचवीस वर्षं उडणार आहे.